निविदा निघण्याच्या आधीची दोन वर्षे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या अभियंता-वास्तुविशारद संघटनेने एका विद्यापीठाच्या अभियंत्यांना परिसर विकास आराखड्याविषयी बोलण्यासाठी बोलावले होते. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात त्यांच्याइतकाच आम्हा श्रोत्यांचाही दोष आहे. सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. त्यांत वास्तुविशारद होते, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या काँक्रीटच्या सांगाड्याचा आराखडा करणारे अभियंते) होते, इमारतींचे आणि रस्त्यांचे ठेकेदार होते, मूल्यांकनकार होते, दोन-तीन बांधकाम व्यावसायिक होते आणि सिमेंट व लिफ्टच्या कंपन्यांचे प्रतिनिधीही होते. पडद्यावर येत्या वीस वर्षांचे विद्यापीठ दिसत होते: काचेची ग्रंथालये, सायकलवरून जाणारे विद्यार्थी आणि कोणत्याही ऋतूत हिरवीच राहणारी झाडे. पाऊण तासाने प्रश्नांची वेळ आली, तेव्हा पहिले सात प्रश्न शब्द बदलून एकच होते. निविदा कधी निघणार, किती रकमेची असणार आणि पात्रतेसाठी वार्षिक उलाढाल किती मागणार?

आठवा प्रश्न शेवटच्या रांगेतून आला. विचारणारे गृहस्थ सत्तरीचे, नळकामाचे जुने ठेकेदार. त्यांनी उभे राहून, टोपी नीट करून विचारले, "साहेब, ग्रंथालयाच्या मागं दोन विहिरी होत्या. त्या या नकाशात कुठं आल्या?"

अभियंत्यांनी वळून पडद्याकडे पाहिले. त्या जागी चार मजली वाहनतळ होता.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ नेहमीप्रमाणे कार्डांची देवघेव झाली. माझ्याही खिशात चौदा कार्डे आली, त्यांतली अकरा मी अजून पाहिलेली नाहीत. त्या नळवाले काकांकडे मात्र कार्डच नव्हते. त्या सायंकाळी सभागृहातल्या सर्वांत उपयोगी माणसाची ओळख कोणीही करून घेतली नाही, ही गोष्ट घरी येताना माझ्या मनात टोचत राहिली आणि त्यातूनच हा लेख झाला.

मी गेली सव्वीस वर्षे आरसीसी कन्सल्टंट म्हणून काम करतो. त्यात शैक्षणिक परिसरांतल्या नऊ इमारतींचे संरचना आराखडे मी केले आहेत. खासगी इमारतीच्या कामात जमिनीचा मालक एक असतो आणि पैसा कोठून येणार हे त्याला माहीत असते. इमारत विकली की त्याचा तिच्याशी संबंध जवळजवळ संपतो. विद्यापीठाचे तसे नसते. तिथे इमारत वापरणारा एक, मंजूर करणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा आणि पुढची साठ वर्षे तिची गळती थांबवणारा चौथा. हा चौथा म्हणजे बहुधा एखादा शाखा अभियंता आणि त्याच्या हाताखालचे चार कर्मचारी. आराखडा तयार होतो तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही.

शब्दांपासूनच गोंधळ सुरू होतो. महाराष्ट्रात 'विद्यापीठाचा बृहत् आराखडा' म्हटले की कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ इमारतींचा नकाशा असा होत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार दर पाच वर्षांसाठी केला जाणारा बृहत् आराखडा म्हणजे कोणत्या भागात कोणती नवी महाविद्यालये हवीत याचे नियोजन. बांधकाम क्षेत्रातली मंडळी ज्याला मास्टर प्लॅन म्हणतात, तो परिसर विकास आराखडा निराळा. आमच्या ओळखीचे एक ठेकेदार वर्तमानपत्रातली 'बृहत् आराखडा मंजूर' ही बातमी वाचून पेढे घेऊन विद्यापीठात पोचले होते. पेढे सर्वांनी खाल्ले, काम मात्र निघालेच नव्हते.

आपल्याकडची बरीच विद्यापीठे आखून वसवलेली नाहीत, ती मिळालेल्या जागेत राहायला आली आहेत. पुण्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला गणेशखिंडीतले गव्हर्नरांचे जुने निवासस्थान मिळाले. जेम्स ट्रबशॉ यांनी आराखडा केलेली ती वास्तू १८७१ मध्ये पूर्ण झाली होती. पावसाळ्यात राहायला येणाऱ्या गव्हर्नरांसाठी बांधलेला तो प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत झाला आणि ४११ एकरांच्या परिसरात पुढे जे उभे राहिले, ते त्याच्या भोवताली, गरजेप्रमाणे आणि अनुदानाप्रमाणे. अशा ठिकाणी विकास आराखडा करणे हे कोऱ्या कागदावर रेघ ओढण्यासारखे नसते. जमिनीखाली दीडशे वर्षांच्या वाहिन्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या कोणत्याही नकाशात नसतात.

पण त्याच परिसरात उलट उदाहरणही उभे आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर होते आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी आम्हाला तिथे नेले होते. सरांनी आधी काहीच सांगितले नाही, फक्त "कुंडात जाऊन बसा आणि अर्ध्या तासाने वर या" एवढेच म्हणाले. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचे कुंड, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे, भोवती काळ्या पाषाणाच्या भिंती. अर्ध्या तासात आमच्या समोरून बरीच माणसे गेली, दोन ठिकाणी माणसे उभी राहून बोलत राहिली आणि एक गृहस्थ हवेत बोटाने समीकरण लिहीत होते. तेव्हा सरांनी विचारले, "इथे कोणालाही कुठेही जायचे असले तरी कुठून जावे लागते?" उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होते. आवारात पृथ्वीचे फिरणे दाखवणारा फुकोचा लंबक आहे, सिरपिन्स्कीच्या त्रिकोणांची रचना आहे. ही केवळ सजावट आहे असे मला कधी वाटले नाही. आपल्याला काय हवे आहे हे नेमके ठाऊक असलेला शास्त्रज्ञ आणि ते ऐकून घेणारा वास्तुविशारद कामाच्या आधी पुष्कळ बोलले असले पाहिजेत, असे ती जागा पाहिल्यावर वाटते. निविदेच्या कागदांतून असे काही निघणे अशक्य आहे.

सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे यांनी आखलेला आयआयटी कानपूरचा परिसर हे दुसरे उदाहरण. हार्वर्डला वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअस यांच्याकडे शिकून आलेल्या या माणसाने १९६० च्या दशकात वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय एकमेकांजवळ ठेवले, उंचावरच्या झाकलेल्या पादचारी मार्गांनी ते जोडले आणि मोटारींना कडेला ठेवले. उत्तर भारतातला उन्हाळा आणि पाऊस यांत विद्यार्थी चालत जाऊ शकला पाहिजे, हा साधा विचार त्यामागे दिसतो. आजच्या आराखड्यांत मात्र पहिला प्रश्न वाहनतळाचा असतो, आणि तो विहिरीवर येतो.

पैशाकडे थोडे वळू. केंद्रीय संस्थांना २०१७ पासून शिक्षण मंत्रालय आणि कॅनरा बँक यांच्या 'हेफा' या संयुक्त वित्तसंस्थेकडून इमारतींसाठी कर्ज घेता येते. राज्य विद्यापीठांचा आधार मुख्यतः केंद्राची उच्च शिक्षणासाठीची 'रूसा', म्हणजे २०२३ पासूनची 'पीएम-उषा' योजना. तिच्यात निवडक विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये मिळण्याची तरतूद आहे आणि आपल्यासारख्या राज्यांना ४० टक्के वाटा उचलावा लागतो. अशा निधीला मुदत असते. मुदत जवळ आली की आराखड्यातला क्रम बदलतो, सातव्या टप्प्यातली इमारत पहिल्या टप्प्यात येते, आणि जिथे जमिनीची चाचणी करायला चार महिने हवेत तिथे तीन आठवडे मिळतात. यात कोणाचा लबाडपणा असतोच असे नाही. निधी परत जाऊ नये ही कुलसचिवांची काळजी खरी असते.

या घाईचे फळ मी स्वतः चाखले आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका परिसरात प्रयोगशाळेच्या विस्ताराचे काम आमच्याकडे होते. मुदत तोंडावर होती म्हणून जमिनीच्या चाचणीसाठी तीनच बोअर घेतले. तिन्ही ठिकाणी दीड-दोन मीटरवर चांगला खडक लागला आणि मी निर्धास्तपणे सुटे फुटिंग, म्हणजे प्रत्येक खांबाखाली वेगळा उथळ पाया, धरून आराखडा दिला. खोदाई सुरू झाल्यावर पूर्वेकडच्या ओळीत सहा मीटर खाली गेले तरी राडारोडाच निघत होता: विटांचे तुकडे, गंजलेल्या सळ्या, एक अख्खी लोखंडी खुर्ची. काम थांबले. कडेला उभे राहून पाहणारे बागेतले एक निवृत्तीला आलेले कर्मचारी शांतपणे म्हणाले, "इथं खाण होती ना. आम्ही लहानपणी पोहायला यायचो." विद्यापीठाच्या पहिल्या इमारतींचा दगड त्या खाणीतूनच निघाला होता आणि पुढे ती भरून टाकली होती. ती ओळ पाइलवर, म्हणजे खोल खांबांच्या पायावर, घ्यावी लागली, जादा बाबींची मंजुरी समित्यांमधून फिरत राहिली, पाच महिने गेले आणि त्या काळात ठेकेदाराची माणसे दुसऱ्या साइटवर निघून गेली. चौथा बोअर घ्यायचा आग्रह मी धरला नाही, ही चूक माझीच. पण त्या बागकामगारांशी दहा मिनिटे बोललो असतो तरी भागले असते, हे शल्य जास्त आहे.

आता 'नेटवर्किंग' या शब्दाकडे येतो. मराठीत त्याला 'ओळखीपाळखी वाढवणे' म्हणता येईल, पण आमच्या धंद्यात 'त्यांची आत ओळख आहे' या वाक्याचा अर्थ सर्वांना वेगळाच कळतो. ओळख आणि वशिला या दोन शब्दांमधले अंतर आपण इतके कमी करून ठेवले आहे, की सचोटीचा शाखा अभियंता बाहेरच्या माणसाशी बोलायलाच घाबरतो. चहा घेतला तरी कोणी पाहील, अशी त्याला धास्ती असते. त्याची धास्ती चुकीचीही नाही, कारण निविदा सूचना एकदा निघाली की त्याने कोणा एकाशी बोलता कामा नये, हेच योग्य आहे. त्यानंतर जे विचारायचे ते निविदापूर्व बैठकीत सर्वांसमोर विचारावे, आणि उत्तर शुद्धिपत्रक म्हणून सर्वांसाठी प्रसिद्ध व्हावे.

म्हणजे मोकळेपणाने बोलण्याचा काळ त्याच्या आधीचा. आराखडा पेन्सिलीत असतो, सल्लागार नेमलेला नसतो, कोणती इमारत आधी हे ठरलेले नसते, अशी दीड-दोन वर्षे प्रत्येक परिसराच्या कामात येतात. त्या काळात एखाद्या सार्वजनिक सभेत, सर्वांना दार उघडे ठेवून विहिरींची, खाणींची, केबलींची आणि झाडांची चर्चा झाली, तर त्यात वशिला कोणाचाच नसतो, कारण माहिती सर्वांनाच मिळते. आमच्या संघटनांनी हे काम करावे. आम्ही करतो ते उलटे. त्या काळात आम्ही विद्यापीठाकडे फिरकत नाही आणि सूचना निघाली की आतल्या माणसाचा फोन नंबर शोधू लागतो.

ही चर्चा न झाल्याने काय होते, हे मोठ्या संस्थांच्या बाबतीतही दिसले आहे. अहमदाबादच्या आयआयएमने विख्यात वास्तुविशारद लुई कान यांनी आखलेल्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले आणि जगभरातल्या वास्तुविशारदांनी आक्षेप घेतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत, १ जानेवारी २०२१ रोजी, तो निर्णय मागे घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जुन्या इमारतींच्या सुरक्षिततेचे कारण देऊन नव्या बांधकामाचा विषय संस्थेने पुन्हा पुढे आणला. विटांचे बांधकाम खरोखर किती खचले आहे, हा आमच्या क्षेत्राचा तांत्रिक प्रश्न. तो निर्णयाच्या आधी आमच्यासमोर यायला हवा होता, पण आम्हाला तो सह्यांच्या मोहिमेतून कळला. गोव्यात तर प्रश्न जमिनीपाशीच अडला. आयआयटी गोव्याचे वर्ग २०१६ मध्ये फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाले, आणि कायमच्या परिसरासाठी निवडलेली सत्तरी तालुक्यातली शेळ-मेळावलीची जागा गावकऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर जानेवारी २०२१ मध्ये सरकारला सोडावी लागली. ज्यांची काजूची झाडे त्या जमिनीवर होती त्यांच्याशी आधी कोण आणि किती बोलले, हा प्रश्न परिसराच्या नियोजनाबाहेरचा मानता येत नाही.

कायद्याच्या बाजूनेही आता आधीच बोलणे भाग आहे. पूर्वी शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे यांच्या इमारतींना पर्यावरण मंजुरीच्या अटीतून सवलत होती. जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेतही ती होती, पण ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत रद्द ठरवली. त्यामुळे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्र असेल तर विद्यापीठालाही आधी मंजुरी घ्यावी लागेल. सभेत हा मुद्दा मी मांडला तेव्हा तीन वास्तुविशारदांनी मान वर करून पाहिले आणि एकाने तिथेच फोनवर आपल्या कार्यालयाला काही सांगितले. झाडांचेही तसेच आहे. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि ते तोडावे लागलेच तर त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. जुन्या विद्यापीठातल्या पिंपळाचे, चिंचेचे वय मोजायचे तर बागेच्या अधीक्षकांना विचारावे लागते. तो माणूस आमच्या कार्डांच्या यादीत कधी नसतो.

आणि परीक्षा. बाहेरच्या ठेकेदाराला हे लवकर कळत नाही, की आपल्याकडे बांधकामाचा हंगाम म्हणजे दसऱ्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ, आणि विद्यापीठाच्या दोन्ही सत्रांच्या परीक्षा नेमक्या त्याच काळात येतात. परीक्षा केंद्राशेजारी काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवता येत नाही. तो आवाज ऐकून एखादा पालक कुलगुरूंना फोन करतो आणि दुपारी साइट बंद होते. वर्षातले हे चाळीस-पन्नास दिवस कामाच्या वेळापत्रकात आधीच वगळले नाहीत, तर ठेकेदार त्यांचा हिशेब दुसरीकडे काढतो. 'पंधरा टक्के बिलो', म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा तितके कमी, भरून काम घेतलेला माणूस प्लास्टरवर पाणी मारायला माणूस ठेवणार नाही, हे मला नवे नाही. चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम आल्याने पदवी महाविद्यालयांत आणि विभागांत वर्गखोल्यांची गरज वाढणार आहे. ही कामे घाईत निघतील, हेही दिसतेच आहे.

त्या सभेनंतर आठवड्याने मी नळवाल्या काकांचा पत्ता शोधून काढला. मग एका शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या अभियंत्यांच्या परवानगीने आम्ही बाराजण ग्रंथालयाच्या मागे गेलो. फेरीची सूचना संघटनेच्या फलकावर लावली होती, कोणीही येऊ शकत होते. पहिली विहीर पंप हाउसच्या स्लॅबखाली सापडली. दुसरीवर घाणेरीचे रान माजले होते, ते कोयत्याने साफ करावे लागले. काकांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला, टोकाला दगड बांधला आणि हात हात मोजत खाली सोडला. जानेवारीचा तिसरा आठवडा होता आणि सोळाव्या हातावर दगड बुडाल्याचा आवाज आला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने ८५३ एकरांच्या आवारात तलाव, विहिरी आणि पावसाचे पाणी अडवण्याची कामे यांच्या बळावर आपली पाण्याची बरीचशी गरज भागवली आहे, हे मी तिथेच अभियंत्यांना सांगितले. त्यांना ते माहीत होते. ते एवढेच म्हणाले, "आमच्याकडे विहिरी आहेत हेच आराखडा करणाऱ्यांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं."

वाहनतळ हलणार की विहिरी बुजणार, हे अजून ठरलेले नाही. विहिरींची जागा, खोली आणि पाण्याची पातळी लिहिलेला एक पानी कागद आम्ही विद्यापीठाला दिला आणि त्याची प्रत संघटनेच्या फलकावर लावली. ज्याला निविदा भरायची असेल त्याला ती तिथे वाचता येईल.

पुढची फेरी मुलींच्या वसतिगृहांची आहे. तिथल्या अधीक्षिका बाईंना निमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा नव्या वसतिगृहाचे रंगीत चित्र त्यांच्या टेबलावर होते. त्यांनी ते माझ्याकडे फिरवले आणि विचारले, "तीनशे मुली राहणार म्हणता. कपडे वाळत कुठे घालायचे?" चित्रात प्रत्येक खिडकीला काच होती आणि गच्चीभर सौर पॅनेल होती. मी चित्र पुन्हा एकदा पाहिले आणि प्रश्न वहीत लिहून घेतला.